उमरेभाऊंचा वजनकाटा

माझ्या नवऱ्याखेरीज ज्या एकाच पुरुषानं आयुष्यात माझे केस हुंगले, त्याचं नाव वासुदेव उमरे. तेही भर सकाळी साडेदहाला, प्रयोगशाळेच्या दारात, शिपायाच्या साक्षीनं. माझ्या नोकरीचा तो पहिला आठवडा होता. हातात झाडपाल्याच्या अर्काची छोटी बाटली घेऊन मी 'मास स्पेक्ट्रोमीटर' अशी पाटी लावलेल्या खोलीत शिरणार, तोच आतून पांढऱ्या कोटातला एक उंच, काटकुळा माणूस आडवा आला. त्यानं माझ्या डोक्याच्या दिशेनं नाक पुढं केलं, एक लांब श्वास घेतला आणि कोणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाला, "खोबरेल. त्यात जास्वंद उकळली आहे."

"हो," मी म्हटलं. "मग?"

"मंग का जी. बाटली आत येऊ द्या. डोकं बाहेर ठेवा."

मी नागपूरच्या जुन्या महाल भागातली. आमच्याकडं बाई केसांना तेल न लावता उंबऱ्याबाहेर पडली तर शेजारीण विचारायची, "कोण गेलं गं?" त्यात माझी जीभ मुळात आखूड नाही. "तुमच्या मशीनला काय माझ्याशी लग्न करायचंय?" मी विचारलं. शिपाई फिसकन हसला. उमरे हसले नाहीत. त्यांनी बाटली दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहिली, आत नेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर साबणाची वडी ठेवलेली होती. कपडे धुवायच्या साबणाची. रागारागानं मी ती खिडकीतून फेकणार होते, पण बुधवारी मला मशीनची वेळ मिळालेली होती. म्हणून निमूटपणे डोकं धुऊन गेले. तिथून आमची ओळख सुरू झाली आणि मी नागपुरात होते तोवर, म्हणजे चांगली सात वर्षं, टिकली.

ते मशीन अर्धी खोली अडवून बसलेलं होतं. त्याच्या नावाचा उच्चार करताना भल्याभल्यांची जीभ अडखळायची, उमरेभाऊ मात्र त्याला सरळ वजनकाटा म्हणत. "सोनार गुंजा तोलते, आपण रेणू तोलतो," ते नव्या माणसाला समजावून सांगत. "फरक इतकाच का आपण आधी फोडतो, मंग तोलतो. गुळाची भेली फोडली तर तुकड्यांवरून समजते ना का भेली कोणती होती? तसंच." खरोखर तसंच होतं. मशीनच्या पोटात रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा व्हायचा, त्याचे तुकडे उडायचे, आणि एक मोठं लोहचुंबक त्या तुकड्यांची वजनाप्रमाणं वाटणी करायचं. मग एका गुंडाळीच्या कागदावर रेघा उमटायच्या. कागद बाहेर आला की आधी कोराच दिसे. उजेडात धरला की हळूहळू जांभळट रेघा वर येत. ती गुंडाळी लांब टेबलावर पसरून, फूटपट्टी लावून उमरेभाऊ पुटपुटत जात, "त्रेचाळीस... सत्तावन्न... एकाहत्तर... पंच्याऐंशी..." अशा चौदा-चौदाच्या अंतरानं रेघा आल्या की समजायचं, तेलाचा रेणू आहे, हायड्रोकार्बन. चौदा म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन, शिडीची एक पायरी. "शिडी आली!" ते ओरडत, आणि शेजारच्या खोलीतले लोकसुद्धा चहाचा कप ठेवून बघायला येत.

आता ज्या काट्याला मोहरीच्या हजाराव्या भागाएवढं तेल दिसतं, त्याला तुमच्या डोक्यावरचं चमचाभर तेल न दिसून कसं चालेल? म्हणून दारावर उमरेभाऊंचं नाक. खोबरेल बाहेर. गजरा बाहेर. अत्तर तर फाटकाबाहेर. बुटाला पॉलिश करून आलेल्या माणसाला ते बूट काढून अनवाणी यायला लावत, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. हिवाळ्यात ओठांना व्हॅसलीन लावायची सोय नव्हती. नागपूरच्या डिसेंबरात आमचा सगळा विभाग फुटक्या ओठांनी हिंडायचा आणि हसताना 'आई गं' म्हणायचा.

इतरांना लावलेला नियम ते स्वतःलाही लावत, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांचे केस वाळल्या धसकटासारखे उभे असत. ते राहायचे ते बेसा त्या वेळी निव्वळ खेडं होतं, दोन्ही बाजूंना वावरं. तिथून ते रोज सायकल मारत येत, आणि आल्याबरोबर पंधरा मिनिटं हात धूत. साखळीच्या ग्रीसचा त्यांनी इतका धसका घेतला होता की पँटीला क्लिपा लावून वर सुतळीही बांधत. आठवडाभर डब्यात कोरडी भाकर आणि मिरची, तीसुद्धा कडुलिंबाच्या झाडाखाली बसून, मशीनपासून चाळीस पावलं दूर. पण माणूस साधू नव्हता हो! शनिवारी दुपारी मशीनवर कापड टाकलं की स्वारी थेट सावजीच्या खानावळीत. दोन बोटं तर्री तरंगणारा रस्सा ते असा ओरपत की बघणाऱ्याला ठसका लागावा. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी आणि चेहऱ्यावर परमानंद. "ताई, पूर्ण आठवड्याचा बॅकलॉग काढून राहिलो," ते मला म्हणाले होते. रविवार अंग घासण्यात जाई.

एकदा दिल्लीहून एक बडे पाहुणे आले. आमचे संचालक त्यांना घेऊन खोली दाखवायला आले. संचालक माणूस वाईट नव्हता, पण पाहुणा दिसला की त्यांच्या अंगात यायचं. पाहुण्यांनी बूट काढले, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण टेबलावरची बोटाएवढी काचेची नळी, जिच्यात नमुना भरून मशीनमध्ये ढकलायचा, ती त्यांनी "देखें, देखें" करत उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली. उमरेभाऊंनी डोळे मिटून घेतले. संचालक म्हणाले, "चलाके दिखाओ." मोठ्या माणसासमोर नाही कसं म्हणायचं? उमरेभाऊंनी तीच नळी ढकलली. कागद बाहेर आला, रेघा वर आल्या. त्यांनी फूटपट्टी लावली, एकशे वीस आणि एकशे बावन्नवर बोट ठेवलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "साहेब, आपका सर दुख रहा है क्या? या कमर?"

पाहुणे दचकले. सकाळी हॉटेलात त्यांनी कपाळाला बाम चोळला होता. हे ह्या माणसाला कसं कळलं? संचालक लाल झाले. पण पाहुणे असे काही खूश झाले, की जाताना उमरेभाऊंचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. पाहुण्यांची गाडी गेल्यावर उमरेभाऊंनी परत पंधरा मिनिटं हात धुतले.

त्यांची एक गोष्ट मी पुढं माझ्या विद्यार्थ्यांना शिकवली, म्हणून सांगते. एखादं तेल जमिनीतलं आहे की जिवंत वस्तूनं तयार केलेलं, हे ओळखायचं कसं? उमरेभाऊ म्हणत, "जीव विषम मोजते, ताई." जिवंत पेशी चरबीच्या साखळीतला एक कार्बन तोडून तेलाचा रेणू बनवते, त्यामुळं साखळी सतराची, सत्तावीसची, एकोणतीसची, अशी विषमच जास्त. खडकातल्या तेलाला लाखो वर्षांत सगळी रगडपट्टी झालेली असते, तिथं सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस सारखेच. "विषम उंच दिसले तर समजा कोणीतरी जिवंत होतं. सगळे एका उंचीचे दिसले तर समजा घासलेट, नाही तर ग्रीस, नाही तर तुमचा हात." हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. पेन्सिल माझ्याकडं रोखून.

एवढं ज्ञान, आणि पदवी? बी.एस्सी. हुद्दा 'तांत्रिक सहायक'. आमच्याकडच्या कितीतरी शोधनिबंधांतले आकडे त्यांच्या फूटपट्टीतून निघालेले, पण नाव कुठं? शेवटी, आभारात, बारीक टायपात. "श्री. उमरे यांच्या मदतीबद्दल." एकदा तर तिथंही 'उमाळे' छापलं होतं. मी चिडले तर ते म्हणाले, "जाऊ द्या जी. लग्नात पाणी वाढणाऱ्याचं नाव पत्रिकेत नसते." हसत म्हणाले, पण नवीन अंक आला की ग्रंथालयात जाऊन आधी शेवटचं पान उघडत, हे मी पाहिलेलं होतं. त्यांच्या वडिलांना पोराचं नाव पुस्तकात छापून आलेलं बघायचं होतं म्हणे. रामटेककडच्या गावातून बेशाला येऊन, दुसऱ्याच्या वावरात राबून त्यांनी ह्याला शिकवलं, आणि नाव न बघताच गेले. आई होती. त्या माउलीला अक्षर येत नव्हतं, पण ती अधूनमधून विचारायची, "वासुदेवा, आलं का गा तुवं नाव?"

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. पेट्रोलनं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलेलं, आणि वरून फर्मान सुटलं होतं की झाडापाल्यातून, कशाकशातून, तेल काढून दाखवा. माझ्या वाट्याला शेवाळ आलं. मी बादली आणि मलमलची जाळी घेऊन सक्करदऱ्याच्या तलावावर जायची. तिथं कपडे धुणारी एक बाई रोज विचारायची, "काय धरून राहिल्या वं बाई? मासोळ्या?"

"नाही हो. पेट्रोल."

ती शेजारणीकडं बघून कपाळाला बोट लावायची.

त्या पाण्यात मला एक सूक्ष्म शेवाळ सापडलं. नुसत्या डोळ्यांना सोनेरी-हिरव्या रव्यासारखं दिसायचं आणि पाण्यावर तरंगायचं. तरंगतं म्हणजे अंगात तेल असणार! मी हरखून गेले. गच्चीवर सिमेंटच्या टाक्यांत ते हिवाळाभर वाढवलं, पोरासारखं सांभाळलं, एप्रिलात काढून सुकवलं आणि हेक्झेनमध्ये त्याचा अर्क काढला. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचंच एक पातळ भावंड, तेल चटकन विरघळवून घेणारं आणि स्वतः चटकन उडून जाणारं. अर्काच्या सहा बाटल्या तयार झाल्या, आणि नेमका त्याच दिवशी मशीनचा पंप बसला. सुटा भाग मुंबईहून यायला तीन आठवडे.

मे महिना. नागपूरचा मे. माणसं वाफ होऊन जातील अशी वेळ, तिथं हेक्झेनचं काय घेऊन बसलात? काचेची बुचं घट्ट लावूनही बाटल्यांतली पातळी रोज खाली यायची. फ्रीज होता, पण विजेचा पत्ता नसायचा. वर उमरेभाऊंना वेगळीच धास्ती, की कोणीतरी बूच उघडून आत बोट घालेल. शेवटी त्यांनी तोड काढली. वीज गेली की लावायच्या मेणबत्त्या कपाटात होत्या. त्यातली एक पेटवून त्यांनी सहाही बुचांभोवती मेण ओतलं, आणि मेण गार होताना प्रत्येकावर काचेच्या कांडीनं एक खूण दाबली. सरकारी मोहोरच जशी. "आता ब्रह्मदेव आला तरी हात लागत नाही," ते म्हणाले. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, अजून आठवतं.

जूनमध्ये मशीन सुरू झालं, आणि काय सांगू! शिडीच शिडी. एका बाटलीतून आली, दुसरीतून आली, सहाही बाटल्यांतून आली. तेविसापासून बत्तिसापर्यंत कार्बनच्या साखळ्या, गुंडाळी टेबलावरून खाली लोंबू लागली. उमरेभाऊंचा आवाज चढत चढत गेला. संचालक धावत आले आणि शिपायासकट सगळ्यांचं अभिनंदन करून गेले. शेवाळाच्या वजनाच्या मानानं तेल अफाट होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका वार्ताहराला बोलावलं आणि एका परिषदेला घाईघाईनं सारांश पाठवला, त्यांच्या आणि माझ्या नावानं. सारांश छापूनही आला.

मोठा निबंध मी लिहायला घेतला तेव्हा मात्र मी अडून बसले. म्हटलं, उमरेंचं नाव वर येणार, आभारात नाही. संचालकांनी थोडी का-कू केली, पण ते आनंदात होते, 'ठीक आहे' म्हणाले. मी जाऊन उमरेभाऊंना सांगितलं. ते मशीनचा स्क्रू पिळत होते. पिळतच राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "पूर्ण नाव टाकते का जी? वासुदेव नामदेव. बाबाचं पण येऊन जाईल."

"टाकू या की."

"आणि उमाळे नाही लिहीन ना कोणी?"

त्यांनी घरी सांगितलं. आईनं गल्लीभर सांगितलं. शेजारच्या एका काकांनी म्हणे नाव येणार त्या पुस्तकाची एक प्रत आधीच मागून ठेवली.

आणि इथून एक विचित्र प्रकार सुरू झाला. उमरेभाऊंनी हुंगणं बंद केलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, सर्दी झाली असेल. पण आठवडा गेला. एक नवा मुलगा डोक्याला चमेलीचं तेल थापून आला, थेट मशीनला टेकून उभा राहिला, तरी ते काही बोलले नाहीत. शनिवारी सावजीकडंही गेले नाहीत. मी विचारलं, "भाऊ, बरं नाही का?" तर म्हणे, "उन्हाळा आहे." तेव्हा जुलै अर्धा सरला होता.

मग एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात ती गुंडाळी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. कागद पसरला आणि फूटपट्टी ठेवली.

"ताई, मोजा."

"मोजलंय की शंभर वेळा. सत्तावीस आहे, एकोणतीस आहे..."

"मधातला कोण मोजन?"

मी पाहिलं. तीनशे ऐंशी, म्हणजे सत्तावीस. चारशे आठ, म्हणजे एकोणतीस. आणि दोघांच्या मधे तीनशे चौऱ्याण्णव, अठ्ठावीस. तेवढाच उंच. सव्वीस तेवढाच. तीसही तेवढाच. सगळे एका उंचीचे, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. मी परत एकदा फूटपट्टी लावली.

"मेण," उमरेभाऊ म्हणाले. "मेणबत्तीचं मेण म्हणजे जमिनीतलंच तेल ना जी. उन्हात पघळलं असन, बुचाच्या फटीतून आत गेलं असन. हेक्झेन तर मेण खाऊनच टाकते. मीच लावलं, माझ्या हातानं."

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "रेघा वर येऊन राहिल्या होत्या तेव्हाच. डोळ्याले दिसलं. पण सारे खूश होते, मीही ओरडून राहिलो होतो, आणि मंग तुम्ही नावाचं सांगतलं. म्हटलं, राहू दे, असन काही. रोज सायकलीवर मनातल्या मनात म्हणून राहिलो, असन काही, असन काही. माय रोज विचारते. कसं सांगू तिले?"

खरं सांगते, मला आधी त्यांचा भयंकर राग आला. हिवाळाभर गच्चीवर केलेलं काम, छापून गेलेला सारांश, आणि हा माणूस महिनाभर गप्प! तोंडावर तसं बोलूनही गेले. आणि बोलता बोलताच स्वतःची लाज वाटायला लागली. पन्नास वेळा ऐकलेला नियम, कागद माझ्याही समोर होता. मला कुठं मोजायचं होतं? मलाही शिडीच हवी होती. उमरेभाऊ मान खाली घालून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. एवढा ताडमाड माणूस! मी उठून शिपायाला दोन चहा सांगितले, दुसरं काही सुचलंच नाही.

चहा घेऊन आम्ही कामाला लागलो. एका बाटलीत नुसतं हेक्झेन घेतलं, शेवाळाचा कण नाही. तिचं बूच मेणानं बंद करून आठ दिवस उबेत ठेवली. आणि थोडं शेवाळ शिल्लक होतं, त्याचा नवा अर्क काढून मेणाशिवाय, त्याच दिवशी मशीनमध्ये घातला. आठ दिवसांनी निकाल समोर होता. शेवाळ नसलेल्या बाटलीत झकास शिडी, आमच्या शोधाहून दणकट. शेवाळाच्या बाटलीत शिडी नाहीच. एकटा सतराचा रेणू, बारीक, काडीएवढा. त्या तेलानं समईची वातसुद्धा भिजली नसती. पण तो सतरा पाहून उमरेभाऊ म्हणाले, "हा मात्र जिवंत आहे," आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

आता संचालकांकडं जायचं. उमरेभाऊंनी मला बोलू दिलं नाही. कोट काढून, घडी घालून हातावर घेतला, जणू परत करायलाच आणला होता. "साहेब, ते तेल शेवाळाचं नाही. मेणबत्तीचं आहे. मेण मी लावलं, आणि समजल्यावर महिनाभर बोललो नाही. माझं नाव निबंधातून काढा, नोकरीचं जे करायचं ते करा."

संचालकांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पंख्याकडं. "निबंधच राहिला नाही, तर नाव कुठून काढू?" ते म्हणाले. मग हळू आवाजात, "ही गोष्ट बोलायलाच हवी का? सारांश कोण वाचतो? आपण पुढचं काही पाठवायचं नाही, लोक विसरून जातील."

"दुसरा कोणी वाचन, साहेब," उमरेभाऊ म्हणाले. "तोही सक्करदऱ्यावर बादली घेऊन जाईन. वर्षभर."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "लिहायचं तर तुम्ही दोघं लिहा," ते म्हणाले. "माझं नाव नको." आणि आम्ही दारापाशी गेल्यावर मागून, "तो कोट घाला उमरे. तुमचा काटा कोण सांभाळणार?"

मी एका पानाचं टिपण लिहिलं. शेवाळाच्या अर्काच्या बाटल्यांना मेण लावलं तर हायड्रोकार्बन कसे दिसतात, आणि आमच्या सारांशातले आकडे का मागे घ्यावेत, एवढंच. नावं टाकायची वेळ आली तेव्हा उमरेभाऊ म्हणाले, "पहिलं तुमचं टाका. तुम्ही मोठ्या."

"चूक कोणाची?" मी विचारलं.

"माझी."

"मग नाव तुमचं पहिलं. माझं दुसरं, मी टाळी वाजवली म्हणून."

जानेवारीत टिपण छापून आलं. पानाच्या वरच्या बाजूला, शीर्षकाखाली, ठसठशीत: व्ही. एन. उमरे. वडिलांचा 'एन' होता. कोणी उमाळे केलं नव्हतं. त्यांनी आधी पंधरा मिनिटं हात धुतले आणि मगच ते पान हातात घेतलं. संध्याकाळी म्हणाले, "ताई, घरी चला. मायले तुमच्यासमोर दाखवतो, मले एकट्याले भेव वाटते."

ते सायकलवर पुढं आणि मी सायकलरिक्षात मागं, अशी आमची वरात बेशाला पोचली. वाटेत त्यांनी किलोभर पेढे घेतले. मी म्हटलं, "अहो, पेढे कशाला?" त्यांना प्रश्नच कळला नाही. माय ओसरीत तूर निवडत होती. उमरेभाऊंनी पान तिच्यासमोर धरलं, नावावर बोट ठेवलं.

"हे तुवं नाव हाय?"

"हो माय. आणि हा बाबाचा एन."

तिनं बोटानं तो 'एन' चाचपला. मग विचारलं, "काय केलं म्हनून छापलं गा?"

उमरेभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली नाही. "चुकलो म्हणून, माय," ते म्हणाले. "माझ्या हातानं गलती झाली होती, ते लिहून देल्लं."

मायनं तुरीचं सूप बाजूला ठेवलं. "सगळ्यायले सांगतलं?"

"सगळ्यायले. विलायतेतले लोकही वाचतीन."

"कोनी मारलं तर नाही ना?"

"नाही वं माय. पहिल्या नंबरावर छापलं."

"मंग दे पेढा," ती म्हणाली, आणि अर्धा मोडून आधी माझ्या हातावर ठेवला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडलं. निघायच्या गडबडीत प्रयोगशाळेत नीट निरोप घेणंही झालं नाही, म्हणून उमरेभाऊ म्हटलं की मला ती बेशाची संध्याकाळच दिसते. परत निघताना मी रिक्षात बसले होते. कोपऱ्यावर मागं वळून पाहिलं तर शेजारचे ते प्रतीवाले काका, वावरातून परतलेले दोघं जण आणि एक गाय असे ओट्यापाशी जमले होते, आणि उमरेभाऊ पान दोन्ही हातांत धरून खणखणीत आवाजात वाचत होते. इंग्रजीत. पहिल्या शब्दापासून, आकड्यांसकट. त्यातला एक शब्द कोणाला कळत नव्हता, तरी तिघं दर ओळीला माना डोलवत होते. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. "आमच्या सारांशातले आकडे चुकीचे होते आणि ते आम्ही मागे घेत आहोत," ही शेवटची ओळ त्यांनी सगळ्यात मोठ्यानं वाचली, आणि त्या तिघांनी टाळ्या वाजवल्या.